हलकी सायकल, अवघड उतार

कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. गावामागच्या डोंगरातून एक कच्चा रस्ता उतरतो. साडेतीन किलोमीटरांत तो सुमारे चारशे मीटर खाली येतो! ऑक्टोबर १९७६ मध्ये काही तरुणांनी या रस्त्यावर सायकलींची शर्यत लावली. सायकली जुन्यापान्या, जाड टायरच्या, वीस किलोंच्या आसपासच्या. पेडल उलटे मारले की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. तळाशी पोचेपर्यंत हब इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे ‘रिपॅक’. शर्यतीचे नावही तेच पडले.

डोंगरी सायकलीचा जन्म असा उतारावरचा. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ याने खास या कामासाठी क्रोमोली पोलादाची फ्रेम घडवली, तेव्हा मजबुतीसाठी तिच्यात दोन बारीक नळ्या जादा घातल्या. सायकल धड खाली पोचली पाहिजे, ही पहिली अट.

माझ्या भाच्याचे सध्या नेमके उलटे चालले आहे. बहिणीने केकसाठी आणलेला छोटा वजनकाटा आता त्याच्या खोलीत मुक्कामाला असतो. त्यावर सीट चढते, पेडले चढतात, एकेक बोल्टसुद्धा चढतो. ११ किलोंची सायकल त्याला १० किलोंवर आणायची आहे. ‘‘मामा, टेकडी चढताना ग्रॅमन् ग्रॅम कळतो,’’ हे त्याचे म्हणणे. ‘‘दादा, तू तरी सांग त्याला,’’ हे बहिणीचे.

मी आधी हिशेब सांगितला. सायकल ११ किलो, स्वार ६२, पाणी-पाना धरून आणखी दोन, एकूण ७५. एक किलो उतरवला म्हणजे पंचाहत्तरावा हिस्सा गेला. अर्ध्या तासाच्या उभ्या चढावर वाचतील फार तर २४ सेकंद. शर्यतीत २४ सेकंदांना मोल आहे, हे मी नाकारत नाही. प्रश्न आहे तो किलो कुठून काढायचा, हा.

कीथ बॉन्ट्रेगर या अमेरिकन सायकल-कारागिराच्या नावावर एक वचन सांगतात: मजबूत, हलके, स्वस्त; यांतले कोणतेही दोन निवडा. भाच्याच्या खिशाने ‘स्वस्त’ आधीच निवडलेले असल्यामुळे त्याच्या हाती एकच निवड उरते! म्हणून तो ड्रिल घेऊन बसतो. पण पत्र्याला गोल भोक पाडले की त्याच्या काठाशी ताण सुमारे तिप्पट होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. ॲल्युमिनियमचे आणखी एक. पोलादाला ठराविक मर्यादेखालचे हिसके वर्षानुवर्षे सोसतात. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यात जमा होत राहतो आणि एके दिवशी हँडल हातात येते. कार्बनचे हँडल हलके खरे, पण बोल्ट बेताबाहेर आवळला की आतले थर दबतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

तेव्हा आमच्या घरात एक नियम ठरला. जो भाग तुटला तर सायकल हातात धरून घरी चालत यावे लागेल, त्यावर खुशाल ग्रॅम वाचवावेत. जो तुटला तर आपल्यालाच उचलून आणावे लागेल, त्याला हात लावू नये. बाटलीचा पिंजरा, सीटचे कव्हर, गिअरचे दाते पहिल्या यादीत. हँडल, ते चिमट्याला जोडणारा स्टेम, चिमटा आणि ब्रेक दुसऱ्या.

ब्रेकवरून वाद रंगला. त्याला पुढची डिस्क लहान आणि जाळीदार हवी होती. तीस-चाळीस ग्रॅमांचा फायदा. मी स्वयंपाकघरातलेच उदाहरण दिले. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो घेऊन चारशे मीटर उतरले की जी ऊर्जा मोकळी होते, तिने एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला येईल. थोडी वाऱ्यात जाते, पण हळू उतरणाऱ्याची बहुतेक सगळी ब्रेकमध्येच मुरते. हे सगळे शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या चकतीने सोसायचे आणि वाऱ्याला द्यायचे. चकती जितकी बारीक तितकी लवकर तापणार. त्या रिपॅकवाल्यांचे ग्रीस जळत होते ते उगाच नव्हे. बहिणीने ‘एक लिटर म्हणजे सहा कप चहा’ एवढेच ऐकले, आणि १८० मिलिमीटरची डिस्क मंजूर झाली.

टायरवर मात्र तहाची बोलणी अजून चालू आहेत. पातळ टायर चढावर खरोखरच सुखाचा, कारण फिरत्या वजनाला वेग द्यायलाही ताकद लागते. पण त्याची बाजू नाजूक, आणि आपल्या टेकड्यांवरचे काळ्या दगडाचे धारदार तुकडे तिला सहज चिरतात. मागे हलका, पुढे जाड आणि खोल नक्षीचा, इथवर गाडी आली आहे. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते. पुढचे घसरले की तेवढा वेळच मिळत नाही.