मोबाईल गेम आणि वयात आलेली मुलं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नववी-दहावीतला मुलगा घरात असला की संध्याकाळचा वाद बहुतेक वेळा मोबाईलवरून होतो. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारखा गेम सुरू असतो, आईची तिसरी हाक वाया जाते, बाबा घरी आल्यावर आवाज चढतो आणि जेवणाचं ताट मुकाट्याने संपतं. आई-बाबांची काळजी अनाठायी नाही. पण ऐकीव समजुतींमुळे ही काळजी भलतीकडेच वळते. मग मुलाशी भांडण होतं आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं. म्हणून नेहमी कानावर पडणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: रोज तीन-चार तास खेळतो, म्हणजे व्यसनच लागलं.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आहे. हे वर्गीकरण मे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तासांचा आकडा कुठेही दिलेला नाही. खुणा तीन आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून गेमच सगळ्यात महत्त्वाचा होतो. नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही किंवा वाढतच जातं. शिवाय यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड व्हायला हवा आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असायला हवं. लक्षणं फार तीव्र असतील तर निदान त्याआधीही होऊ शकतं.

गेम खेळणारी बहुतेक मुलं या व्याख्येत बसत नाहीत. म्हणून घड्याळापेक्षा मुलाकडे बघा. रविवारी चार तास खेळणारा मुलगा सोमवारी वेळेवर शाळेत जात असेल, मित्रांबरोबर मैदानावर उतरत असेल आणि पोटभर जेवत असेल, तर त्याला शिस्तीची गरज आहे, उपचारांची नाही. दुसरा मुलगा दीडच तास खेळतो, पण तो दीड तास मध्यरात्रीनंतर पांघरुणात असतो आणि त्यासाठी तो रोज खोटं बोलतो. जास्त काळजी या दुसऱ्याची करायला हवी.

गैरसमज २: हाक मारली तरी उठत नाही, म्हणजे उर्मट झालाय.

वस्तुस्थिती: एकदा त्याच्या शेजारी बसून एक मॅच पूर्ण बघा. बीजीएमआयच्या क्लासिक मॅचमध्ये शंभरजण विमानातून पॅराशूटने नकाशावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आक्रसत जातं आणि शेवटी एकच तुकडी उरते. याला साधारण अर्धा तास लागतो आणि मध्ये ‘पॉझ’चं बटण नसतं. चौघांच्या ‘स्क्वाड’मधले बाकीचे तिघे बऱ्याचदा त्याच्याच वर्गातले असतात. हा मध्येच उठला तर ते तिघे अडचणीत येतात, याची रँक घसरते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणी खावी लागतात. शेवटच्या षटकात खेळपट्टीवर उभ्या असलेल्या फलंदाजाला जेवायला बोलावलं, तर तो जसा वागेल तसाच हा वागतो.

याचा अर्थ त्याचं उलट बोलणं खपवून घ्यावं असा नाही. नियम मॅच सुरू होण्याआधीच ठरवावा. “नऊला जेवायला बसायचं आहे, साडेआठनंतर नवी मॅच लावायची नाही,” हे वाक्य “आत्ताच्या आत्ता फोन ठेव” यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं. तो नियम मोडला तर मात्र त्याला जाब विचारायचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे.

गैरसमज ३: मनावर घेतलं तर सहज सोडेल, त्याच्यात इच्छाशक्तीच नाही.

वस्तुस्थिती: हे गेम पुन्हा पुन्हा उघडले जावेत अशाच पद्धतीने बांधलेले असतात. रोज हजेरी लावली की बक्षीस मिळतं. ब्राँझपासून कॉंकररपर्यंत रँकची शिडी असते आणि सीझन संपला की चढलेल्या काही पायऱ्या पुन्हा खाली येतात. ‘क्रेट’ उघडल्यावर काय निघेल हे आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी तीच कृती जास्त चिवटपणे करत राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वी दाखवलं होतं. पैसे भरून नशिबाने वस्तू मिळवण्याच्या अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. दुसरीकडे, मोह आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडतच असतो. पंधरा वर्षांच्या मुलाकडून एकट्याने या सगळ्याला पुरून उरण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याला बाहेरून आधार लागतो आणि तो आधार घरानेच द्यायचा असतो.

गैरसमज ४: मारधाडीचे गेम खेळून मुलं हिंसक होतात.

वस्तुस्थिती: ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये स्पष्ट केलं की, प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही.

लक्ष वेगळ्याच ठिकाणी द्यायला हवं. ‘व्हॉइस चॅट’वर अनोळखी मोठी माणसं असतात, शिवीगाळ चालते, स्वस्तात ‘यूसी’ (गेममधलं चलन) देतो म्हणून ओटीपी मागितला जातो. मुलगा कोणाबरोबर खेळतो हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. अशी फसवणूक झालीच, तर मुलाला ओरडण्यात वेळ घालवू नका. आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

गैरसमज ५: फोन काढून घेतला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: बंदीचा अनुभव सरकारांनीही घेतला आहे. आपल्याकडे पबजी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली आणि पुढच्याच वर्षी त्याचंच भारतीय रूप असलेला बीजीएमआय आला. तो जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना अल्पवयीन मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली, पण जन्मतारीख बदलून टाकायला मुलांना कितीसा वेळ लागतो? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. तो नियम संगणकावरच्या गेमपुरता होता आणि मुलं मोबाईलकडे वळली. दहा वर्षांनी कोरियाने तो कायदा मोडीत काढला.

घरातही असंच होतं. फोन हिसकावला की मुलगा मित्राच्या फोनवर खेळतो आणि तुमच्याशी बोलणं बंद करतो. गेममधून त्याला तीन गोष्टी मिळतात: मित्रांची सोबत, आपण काहीतरी छान जमवतोय ही भावना आणि चारचौघांत मान. या गोष्टी त्याला दुसरीकडे मिळत नसतील, तर नुसती बंदी टिकत नाही. अनेकदा गुण आधी घसरलेले असतात, वर्गात कोणी त्रास देत असतं, घरात सतत तुलना होत असते, मन उदास असतं, आणि त्यातून सुटायला मुलगा गेमचा आसरा घेतो. म्हणून “किती वेळ खेळलास?” याआधी “शाळेत कसं चाललंय?” हे विचारा आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका.

नियम मोजकेच ठेवा, पण ते पक्के असू द्या. या वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. त्यामुळे रात्री सगळ्यांचे फोन, अगदी आई-बाबांचेसुद्धा, हॉलमध्येच चार्जिंगला लावा. दिवसातून तासभर अंगमेहनतीचा खेळ हवाच. बँकेचं कार्ड आणि यूपीआयचा पिन मुलांच्या हाती नको.

गैरसमज ६: पैसे लावून खेळतो, पण तोही एक गेमच की.

वस्तुस्थिती: हा धोका वेगळा आहे आणि त्यात तडजोडीला जागा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीची तरतूद आहे आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. मुलगा रमी, पोकर किंवा सट्ट्याच्या ॲपवर पैसे लावताना दिसला, तर त्याच दिवशी हस्तक्षेप करा.

मदत कधी घ्यावी?

शाळा बुडू लागली, रात्र-दिवस उलटले, जेवण सुटलं, घरात चोरी झाली, गेम थांबवल्यावर मारहाण झाली, किंवा मुलगा जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर वाट बघू नका. बारा महिने पूर्ण होण्याची तर अजिबातच नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट क्लिनिक’ चालतं. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. या मदतीमुळे तुमच्या पालकपणाला कमीपणा येत नाही.

या वयातल्या मुलाला गेमपासून दूर नेण्याची ताकद कुठल्याही ॲपमध्ये किंवा कुलपात नाही. ती ताकद आई-बाबांशी असलेल्या नात्यात आहे. म्हणून फोनसाठीच्या भांडणात ते नातं पणाला लावू नका.