रेषा, आकार आणि मधली मोकळी जागा

चित्र कोणतेही असो, ते उभे राहते मोजक्या घटकांवर: रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश. ते ओळखायला नवख्याने वारली चित्रापासून सुरुवात करावी.

गेरूने रंगवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चेचलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. माणूस काढताना दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवतात, वरचा छातीचा, खालचा कमरेचा. डोक्याला गोल, हातापायांना रेघा. वरचा त्रिकोण जरा कलता करून पाहा. तोच माणूस नाचू लागतो किंवा भात लावायला वाकतो, तेही नाक-डोळे नसताना! तारपा नाचाच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसांची साखळी वळसे घेते आणि आपली नजर त्या वळणामागे फिरत राहते. हीच लय. डहाणू भागातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) मासेमारीचे जाळे बारीक रेघांनी भरून काढत, तेव्हा रेषांचाच पोत होई.

रंगासाठी मात्र वासुदेव गायतोंडे पाहावेत. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या चित्रकाराने रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर चढवले, काही ठिकाणी ते खरवडले. दुरून एकरंगी वाटणाऱ्या कॅनव्हासवर जवळ गेल्यावर गडद-फिक्या छटा उमटतात. अशा चित्रासमोर अर्थ विचारण्याची घाई नको. नजर कुठून शिरते आणि कुठे थबकते, एवढे आधी पाहावे. शेजारची पाटी नंतर वाचता येते.