नादुरुस्त उपकरण : दुरुस्ती, बदल की विल्हेवाट?

छत्रपती संभाजीनगरनजीक चितेगाव येथे व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना होता. दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाई यंत्रे या तिच्या वस्तू घरोघरी पोचल्या. 2018 मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. उत्पादकच अडचणीत आला, तर त्याचे बिघडलेले उपकरण निरुपयोगी समजावे काय? तसे मुळीच नाही.

नेमका कोणता भाग बिघडला, हे प्रथम पाहावे. पंखा संथ फिरतो तो बहुधा कपॅसिटरमुळे. फ्रिज थंड होत नाही तो कित्येकदा थर्मोस्टॅट वा रिलेमुळे. कूलरचा पंप आणि गिझरची कॉइल क्षारयुक्त पाण्याने निकामी होतात. असे भाग बाजारात सुटे मिळतात; त्यांसाठी मूळ कंपनी चालू असलीच पाहिजे असे नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलणे मात्र खर्चाचे काम आहे. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर बदलाचा विचार करावा, असा साधारण ठोकताळा आहे.

विजेचा खर्चही हिशेबात धरावा. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटारीचा नवा पंखा सुमारे 30 वॅट. रोज 12 तास वापर असल्यास दिवसाला अर्ध्या युनिटहून अधिक बचत होते. म्हणून मोटार जळालेला जुना पंखा पुन्हा गुंडाळून घेण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा.

सुरक्षितता मात्र खर्चाहून मोठी. ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लावताच झटका बसत असेल, तर वापर तत्काळ थांबवावा. जाणकार कारागिराकडून वायरिंग व अर्थिंग तपासून घेतल्यावाचून तो पुन्हा सुरू करू नये.

जे उपकरण दुरुस्त होण्याजोगे नाही, त्याची विल्हेवाटही विचारपूर्वक लावावी. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेत शिसे असते. जुना फ्रिज फोडल्यास त्यातील वायू हवेत मिसळतो. तांब्यासाठी वायरी जाळल्यास विषारी धूर होतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नागरिकांनी त्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे पोचतील अशी व्यवस्था करावी. तेथे तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम वेगळे काढून पुन्हा वापरात आणले जाते. दुरुस्तीने पैसा वाचतो, योग्य बदलाने वीज वाचते, आणि योग्य विल्हेवाटीने शहराची हवा व पाणी सुरक्षित राहते.