मामल्याचे उंदीर आणि सुभेदारांचा पहारा

परवा एक निवृत्त सुभेदार रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले. बोलता बोलता कोरोनाचा विषय निघाला. मी त्यांना आकडे सांगितले. २०२०-२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनासह संरक्षणाला सुमारे ४ लाख ७१ हजार कोटी रुपये होते, आरोग्य मंत्रालयाला सुमारे ६७ हजार कोटी. आरोग्यावर राज्येही खर्च करतात हे खरे, तरी तफावत मोठीच. सुभेदार रागावतील असे वाटले होते. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लढाई नाही म्हणून आमच्याकडं चौकीवरचा पहारा उठवत नाहीत. तुमच्याकडं उठवतात का?"

उठवतात. आपल्या जिल्ह्याने ते भोगले आहे.

१९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. रोग दिसेना, तशी उंदीर-पिसवांवरची पाळत सैल पडली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. धास्तावलेली माणसे घराबाहेर झोपू लागली आणि घरातले धान्य उंदरांना मोकळे झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीडजवळच्या मामला गावात उंदीर पडू लागले. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाला चावतात. मग ताप आणि जांघेत गाठी असलेले रुग्ण येऊ लागले. मी तेव्हा नवशिका डॉक्टर होतो. 'परीक्षेला येत नाही' म्हणून पुस्तकातली प्लेगची पाने आम्ही उलटून टाकलेली!

सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला. पन्नासच्या वर माणसे गेली, लाखो शहर सोडून पळाली. टेट्रासायक्लिनच्या साध्या गोळ्या दुकानातून नाहीशा झाल्या. परदेशांनी विमाने थांबवली, व्यापार हजारो कोटींनी बुडाला.

पुढे २००४ मध्ये रोगांवर पाळत ठेवणारी देशव्यापी योजना सुरू झाली. तरीही एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात न्यावे लागले. त्याच दिवसांत प्राणवायूचे रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानांनी वाहून नेले. तेव्हा सैन्याचा पैसा कापा, असे मी म्हणत नाही. रोग नसतानाही जागा भरलेल्या, औषधांचा साठा मोजलेला, ही सैन्याची रीत आरोग्य खात्याला हवी. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही.

वाचकांनी इतके ध्यानात ठेवावे. एखादा उंदीर मेला तर घाबरू नये. पण विष न घालता एकदम बरेच उंदीर पडू लागले, तर त्यांना हात न लावता आरोग्य उपकेंद्रात कळवावे. जोराचा ताप आणि काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळेवर औषध मिळाल्यास प्लेग बरा होतो.

हे सारे सुभेदारांना सांगितले. उठता उठता त्यांनी विचारले, "उपकेंद्रात कळवलं, तर लिहून कोण घेणार?" त्यांच्या गावची ती जागा दीड वर्षापासून रिकामी आहे.