पंचवीस सेकंदांचं गूढ

मंगळवार पेठेतल्या मित्राच्या दुकानातला लिनक्स संगणक. बिलिंगचं अ‍ॅप उघडायला दर वेळी बरोबर पंचवीस सेकंद. "रॅम वाढवूया का भावा?" मित्राने विचारलं. मी म्हटलं, थांब. संगणक खरंच मंद असेल तर वेळ कमी-जास्त होतो. इतका नेमका आकडा म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय.

लिनक्सवर डेस्कटॉपचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते बहुतेक डी-बसवरून. नोटिफिकेशन, फाइल निवडायची खिडकी, आवाजाची बटणं, सगळं तिथूनच. उत्तर आलं नाही तर डी-बसची नेहमीची मुदत पंचवीस सेकंद!

हे बोलणं चोरून ऐकायला 'डीबस-मॉनिटर' आहे. टर्मिनलमध्ये तो सेशन बसवर लावला आणि अ‍ॅप उघडलं. प्रत्येक कॉलला अनुक्रमांक असतो आणि उत्तरात तोच 'रिप्लाय सिरियल' म्हणून परत येतो. जोड्या लावत गेलो. एक कॉल एकटाच राहिला: अ‍ॅप्सना फाइल निवडायची खिडकी वगैरे पुरवणाऱ्या डेस्कटॉप पोर्टलला विचारलेला. पोर्टलची सेवा अर्धवट सुरू होऊन अडकली होती. ती नीट सुरू केली आणि अ‍ॅप चहा यायच्या आत उघडलं. रॅमचे पैसे वाचले, मिसळ मित्राकडून.

लॉग फार लांबत असेल तर इंटरफेसच्या नावाने गाळा. 'बससीटीएल कॅप्चर'ने नोंद फाइलमध्ये घेऊन वायरशार्कमध्येही बघता येते. मात्र असा लॉग कुणाला पाठवण्याआधी वाचा. नोटिफिकेशनमधला मजकूर, अगदी ओटीपीसुद्धा, त्यात उघडा दिसतो.