घर हीच शाळा

मुलाच्या शिक्षणावर पहिला हक्क कोणाचा? आईबापांचा, धर्मसंस्थेचा कीं सरकारचा? हा वाद जुना आहे; परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रोमन कॅथॉलिक कुटुंबांनीं त्याला जें वळण दिलें, तें विचार करण्याजोगें आहे.

कॅथॉलिक म्हणजे स्वतःच्या शाळेचा कट्टर अभिमानी, असाच तेथील जुना लौकिक. १८८४ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या बिशपांच्या परिषदेनें असा दंडक घातला कीं, प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा निघावी आणि आईबापांनीं मुलांस तेथें पाठवावें. त्याच ठरावांत एक अपवादही होता. घरीं किंवा दुसऱ्या कॅथॉलिक शाळेंत धर्मशिक्षणाची पुरेशी सोय असल्यास ही सक्ती नव्हती. ह्यांतील 'घरीं' ह्या शब्दाला शंभर वर्षांनीं महत्त्व चढलें.

मधल्या काळांत एक मोठा खटला झाला. ऑरेगॉन संस्थानांतील मतदारांनीं १९२२ सालीं एक कायदा संमत केला. ८ ते १६ वर्षांच्या बहुतेक सर्व मुलांस सरकारी शाळेंत पाठविणें त्यानें सक्तीचें केलें. धर्मभगिनींच्या शाळांना टाळें लागण्याची वेळ आली. त्यांच्या एका संघानें दाद मागितली, आणि १ जून १९२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें एकमतानें तो कायदा अवैध ठरविला. मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे. त्याचें संगोपन करणाऱ्यांनाच त्याची दिशा ठरविण्याचा अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय. मात्र शाळांची तपासणी करण्याचा आणि आवश्यक विषय शिकविले जातात कीं नाहीं, हें पाहण्याचा सरकारचा अधिकार कोर्टानें मान्य केला. शाळा वाचविण्यासाठीं मिळविलेला हा निकाल पुढें शाळा सोडणाऱ्यांच्याही उपयोगीं पडला!

१९६० नंतरच्या दशकांत धर्मभगिनींची संख्या झपाट्यानें घटली. अल्प वेतनावर शिकविणाऱ्या ह्याच स्त्रियांवर त्या शाळांचा डोलारा उभा होता. पगारी शिक्षक नेमावे लागतांच फी वाढली, अनेक शाळा बंद पडल्या. आणि उरलेल्या शाळांतील धर्मशिक्षण पातळ झालें, असेंही कांहीं पालकांस वाटूं लागलें. १९८० च्या सुमारास अशीं कुटुंबें मुलांस घरींच शिकवूं लागलीं. व्हर्जिनियांतील सेटन होम स्टडी स्कूलसारख्या संस्था त्यांना पाठ, पुस्तकें व परीक्षा पुरवूं लागल्या.

अशा घरांत शिकविण्याचा भार बहुधा आईवर पडतो. प्रार्थनेनंतर वाचन, गणित, इतिहास. त्यांच्या जोडीला धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी. थोरलें भावंड धाकट्याची उजळणी घेतें. पांच मुलें पांच इयत्तांत असलीं म्हणजे एकट्या आईला पांच शिक्षकांचें काम करावें लागतें, आणि घर बहुधा एकाच्या मिळकतीवर चालवावें लागतें.

१९९३ पर्यंत पन्नासही संस्थानांत गृहशिक्षण कायदेशीर ठरलें. पण नियम सारखे नाहींत. न्यूयॉर्कमध्यें पालकांना वर्षाची योजना, तिमाही अहवाल व वार्षिक मूल्यमापन सादर करावें लागतें. टेक्ससमध्यें नोंदणीसुद्धां लागत नाहीं.

प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. जाणत्या व कष्टाळू आईच्या हाताखालीं मुलाला जें लक्ष मिळतें, तें भरलेल्या वर्गांत मिळणें कठीण. परंतु आई आजारी पडली, किंवा आईबापांना शिक्षणाची कदरच नसली, तर त्या मुलाचें नुकसान कोणाच्या दृष्टीस पडावें? पालकांचा अधिकार आणि सरकारची देखरेख ह्या दोन्ही गोष्टी १९२५ च्या एकाच निकालांत आहेत. पहिलीचा आधार घेणाऱ्यांनीं दुसरीला भिण्याचें कारण नाहीं. कारण मूल जसें सरकारची मालमत्ता नव्हे, तसें तें आईबापांचीही नव्हे.