ब्रेकमधील हवा आणि झाकणाची बैठक

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा सिद्धांत आपण शाळेत शिकलो. मोटारीचा ब्रेक त्यावरच चालतो. परंतु नळीत हवा शिरली, की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो. पेडल खोल जाते आणि गाडी वेळेवर थांबत नाही.

ही हवा घरी काढताना ब्रेक ऑईलच्या टाकीवर पंपाचे झाकण बसवून दाबाने ऑईल आत लोटतात आणि चाकाजवळचे निपल सैल करून हवा बाहेर सोडतात. अडचण येते ती या झाकणाशी. ते गळू लागले, की आपण आणखी आवळतो. चूक तेथेच होते. फार आवळल्याने वॉशर वाकतो व फट वाढते. आधी टाकीची कड स्वच्छ पुसावी, वॉशर सपाट बसवावा. तो ब्रेक ऑईलमध्ये टिकणाऱ्या ईपीडीएम रबराचा असावा.

मग निपले बंद ठेवून, पंपात ऑईल न घालता नुसती हवा भरावी. दर चौरस इंचास 10 ते 15 पौंड दाब पुरे; अधिक दाबाने प्लॅस्टिकची टाकी फुटू शकते. काटा काही मिनिटे स्थिर राहिला, तरच दाब सोडून पंपात ऑईल घालावे. हवा निसटली तर नुकसान काहीच नाही. ऑईल निसटले तर ते गाडीचा रंग खाते.

आणि पेडल कडक लागल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नये. तेथे आपल्याबरोबर इतरांचाही जीव असतो.